स्त्रीपर्व : जिंकलेल्या युद्धाची दुसरी बाजू



टीव्हीवर युद्धाच्या बातम्या सुरू झाल्या की घरातली लहान मुलं पहिला प्रश्न काय विचारतात? "कोण जिंकतंय?" मुलांचा यात दोष नाही. त्यांना पडद्यावर जे दिसतं ते सामन्यासारखंच दिसतं. पण मोठ्यांनी त्या प्रश्नाच्या पुढे जायला हवं, आणि त्यासाठी आपल्याला कुठे लांब जायची गरज नाही. आपल्याच महाभारतात एक अख्खं पर्व या एका गोष्टीसाठी ठेवलेलं आहे. ते म्हणजे अकरावं, स्त्रीपर्व. या महिन्याच्या स्वाध्यायासाठी आपण तेच घेतलं आहे.

*हे पर्व आपल्याकडून का सुटतं?*

आपल्यापैकी अनेक घरांत गीतेचे अठरा अध्याय पाठ आहेत. गीता येते सहाव्या पर्वात, भीष्मपर्वात, म्हणजे युद्धाचा पहिला बाण सुटायच्या आधी. त्यानंतरचं आपल्याला मालिकांमुळे, कीर्तनामुळे ठाऊक असतं: अभिमन्यूचा चक्रव्यूह, कर्णाचं चाक, दुर्योधनाची मांडी. दुर्योधन पडला की आपल्या मनातलं महाभारत संपतं. काही घरांत तर महाभारत घरात वाचू नये, भांडणं होतात, असंही जुनी माणसं सांगत आली.

व्यासांनी मात्र तिथे ग्रंथ संपवला नाही. युद्ध अठरा दिवसांत संपलं, आणि त्यानंतर शोक, पश्चात्ताप, राज्यकारभार, वनवास, मृत्यू असं सगळं सांगायला अठरापैकी आठ पर्वं खर्ची पडली. नुसत्या या हिशोबावरून लक्षात येतं की व्यासांना युद्धापेक्षा युद्धानंतरचं सांगायचं जास्त होतं. काव्यशास्त्रात ज्यांचा शब्द प्रमाण मानतात, त्या आनंदवर्धनांनीही ध्वन्यालोकात महाभारताचा मुख्य रस शांतरस मानला आहे, वीररस नव्हे.

*आकडा आणि माणूस*

दोन्ही बाजू मिळून अठरा अक्षौहिणी सैन्य होतं हे आपण सहज बोलून जातो. एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, २१,८७० हत्ती, ६५,६१० घोडेस्वार आणि १,०९,३५० पायदळ, असं प्रमाण महाभारतातच दिलं आहे. म्हणजे नुसतं पायदळ धरलं तरी अठरा अक्षौहिणींचं १९,६८,३०० होतं. अठरा दिवसांनंतर नाव घेण्यासारखे वीर बोटांवर मोजण्याइतके उरले. पाच पांडव, श्रीकृष्ण, सात्यकी. आणि तिकडचे अश्वत्थामा, कृपाचार्य, कृतवर्मा.

आकडा कितीही मोठा असला तरी तो डोळ्यांत पाणी आणत नाही. म्हणून स्त्रीपर्वात व्यास आकडा बाजूला ठेवून एकेक चेहरा दाखवतात.

*स्त्रीपर्वात काय घडतं?*

पर्व लहान आहे, २७ अध्यायांचं. सुरुवातीला विदुर धृतराष्ट्राची समजूत घालतो. विहिरीत उलटा लटकलेला माणूस, खाली सर्प, वर हत्ती, वेल कुरतडणारे काळे-पांढरे उंदीर आणि तरीही मधाच्या थेंबासाठी उघडलेलं तोंड, हा दृष्टान्त आपण प्रवचनांत अनेकदा ऐकला आहे. तो इथला आहे, आणि तो एका अशा बापाला सांगितलेला आहे ज्याचे शंभर मुलगे नुकतेच गेले. आणि पुढे काय होतं बघा. एवढा उपदेश ऐकूनही धृतराष्ट्र पुन्हा मूर्च्छा येऊन पडतो. ज्ञान खरं आहे, पण ताज्या दुःखावर ते लगेच लागू पडत नाही, हे व्यास लपवत नाहीत.

मग राजवाड्यातल्या स्त्रिया बाहेर पडतात. ज्यांना कधी परक्या नजरेने पाहिलं नव्हतं, त्या केस मोकळे सोडून, एकवस्त्रानिशी रस्त्याने रडत चाललेल्या आहेत. वाटेत युधिष्ठिर भेटतो तेव्हा त्या त्याच्याभोवती गोळा होतात आणि विचारतात की राजाचा धर्म, राजाची दया आता कुठे गेली.

गांधारी पांडवांना शाप द्यायच्या बेतात असते. व्यास तिला आठवण देतात, की युद्धाच्या रोज सकाळी दुर्योधन आशीर्वाद मागायला यायचा तेव्हा जिकडे धर्म तिकडे जय असंच तूच म्हणत होतीस. ती स्वतःला आवरते. पण भीमाला एक प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही: शंभरांत ज्याचा अपराध सगळ्यात थोडा होता असा एक तरी का नाही ठेवलास? आम्हा दोघा आंधळ्या म्हाताऱ्यांना काठी म्हणून? या प्रश्नाला भीमाकडे उत्तर नाही. आपल्याकडेही नाही.

तिकडे कुंती किती तरी वर्षांनी मुलांना भेटते. विजयी मुलं आहेत. ती पदराने तोंड झाकून रडते आणि प्रत्येकाच्या अंगावरच्या जखमांवरून पुन्हा पुन्हा हात फिरवते. ओवाळणं नाही, जयजयकार नाही. द्रौपदी जमिनीवर पडून सासूला विचारते की तुझे सगळे नातू कुठे गेले? तिचे पाचही मुलगे युद्ध संपल्यावर, रात्री झोपेत मारले गेले होते.

*दोन दिव्यदृष्टी*

युद्ध सुरू होताना व्यासांनी संजयाला दिव्यदृष्टी दिली हे आपण सगळे जाणतो. पण स्त्रीपर्वात व्यासांच्याच वराने गांधारीलाही दिव्यदृष्टी मिळते हे फार थोड्यांना माहीत असतं. दृष्टी तीच, कुरुक्षेत्र तेच, माणसंही तीच. संजयाला दिसले रथ, ध्वज, व्यूह, शंख, कोणाचा बाण कोणाला लागला ते. गांधारीला काय दिसतं?

धडावेगळं शिर उचलून ते कोणत्या धडाचं असेल ते शोधणाऱ्या बायका. तिची स्वतःची मुलगी दुःशला, नवरा जयद्रथ याचं शिर शोधत सैरावैरा धावणारी. भूरिश्रव्याची पत्नी, तुटलेला हात मांडीवर घेऊन त्याच्याशी बोलणारी. आणि कोवळी उत्तरा, अभिमन्यूच्या अंगावरचं रक्त पुसत, आपला सहवास अवघा सहा महिन्यांचा आणि सातव्यात तू गेलास, असं त्याला सांगणारी.

इथे थोडं थांबावं. अभिमन्यू गांधारीच्या पक्षाचा नव्हता. तिच्या मुलांच्या बाजूच्याच लोकांनी त्याला घेरून मारलं होतं. तरी ती त्याच्यासाठी रडते. द्रुपदासाठी, विराटासाठीही शोक करते. तिच्या डोळ्यांना आता आपला आणि त्यांचा असा फरक दिसेनासा झाला आहे.

आम्हाला या पर्वातला सगळ्यात मोठा क्षण मात्र त्याच्या थोडा आधीचा वाटतो. गांधारी आणि द्रौपदी समोरासमोर येतात. एकीचे शंभर गेले, दुसरीचे पाच. भरसभेत द्रौपदीची विटंबना करणारे तिचेच मुलगे होते, आणि ते मारले गेले ते द्रौपदीच्या नवऱ्यांकडून. या दोघींनी एकमेकींचं तोंड पाहू नये असं जगाने म्हटलं असतं. पण गांधारी तिला मुली म्हणते, माझ्याकडे बघ म्हणते, जशी तू तशीच मी, आपलं सांत्वन कोण करणार असं विचारते. आणि या कुळाचा नाश माझ्याच अपराधाने झाला असंही कबूल करते. मुलाला वेळीच रोखलं गेलं नाही, ही जबाबदारी ती शेवटी दुसऱ्यावर ढकलत नाही.

*ज्यांना कोणी नाही त्यांचं काय?*

नंतर युधिष्ठिर विदुर, संजय, धौम्य, युयुत्सू यांना आज्ञा देतो की सगळ्या मृतांचं और्ध्वदेहिक करा. ज्यांचं कोणी नाही त्यांचंही करा, कोणाचाही देह अनाथासारखा पडता कामा नये. यात शत्रू-मित्र असा भेद नाही.

हे वाचताना पानिपत आठवतं. १४ जानेवारी १७६१ ला युद्ध झालं, त्याची बातमी सावकारी पत्राच्या सांकेतिक भाषेत दक्षिणेत पोचली असं परंपरेने सांगितलं जातं. त्यात मोठे सरदार मोत्यांच्या आणि मोहरांच्या रूपात मोजले होते, आणि बाकीच्यांसाठी म्हटलं होतं की खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. तो खुर्दा म्हणजे कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी नवरा. ग्वाल्हेरच्या आपल्या साधकांना महादजी शिंदे पानिपतातून जखमी पायाने वाचले हे घरच्या गोष्टीसारखं माहीत आहे. खुर्द्यातल्या माणसांची नावं मात्र कुठल्याच घरात राहिली नाहीत. आपल्या भाषेत संपूर्ण नाश झाला की आजही "पानिपत झालं" म्हणतात, एवढीच काय ती त्यांची आठवण.

अशा साध्या माणसाच्या नजरेतून युद्ध पाहायचं असेल तर वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' जरूर वाचावं. घरचं कर्ज फेडायला दक्षिणा मिळवावी म्हणून हे गरीब भिक्षुक १८५७ मध्ये बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञासाठी निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. १८५८ मध्ये झाशीला वेढा पडला तेव्हा ते आत होते. शहर पडल्यानंतरची लूट, जाळपोळ, कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली. ते सैनिक नव्हते, राजकारणी नव्हते. त्यांचं पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात लढाईचे डावपेच फारसे नाहीत. भूक, भीती, लपणं आणि घराची ओढ आहे. तेही एका परीने स्त्रीपर्वच.

फाळणीच्या रक्तपातानंतर काही वर्षांतच धर्मवीर भारतींनी हिंदीत 'अंधायुग' लिहिलं, तेव्हा त्यांनीही महाभारतातला शेवटचा दिवस आणि गांधारी-अश्वत्थामा यांनाच निवडलं. मराठीत इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये गांधारीवर स्वतंत्र लेख लिहिला. म्हणजे पिढ्या बदलल्या तरी युद्धाचं दुःख बोलायची वेळ आली की लेखकांची पावलं याच पर्वाकडे वळतात.

*मग अर्जुनाने लढायचं नव्हतं का?*

हा प्रश्न अभ्यासगटात दर वेळी येतो, आणि तो योग्यच आहे. व्यास पांडवांना चुकीचं ठरवत नाहीत. श्रीकृष्ण स्वतः शिष्टाईला गेले होते, पाच गावांवरही तडजोड करायची तयारी होती. सगळे मार्ग संपल्यावर युद्ध झालं. गीता खोटी पडत नाही.

पण स्त्रीपर्व गीतेच्या शेजारी ठेवून वाचलं की कळतं, कर्तव्य म्हणून केलेल्या युद्धाचीसुद्धा किंमत असते आणि ती जिंकणाऱ्यालाही चुकत नाही. गंगेवर तर्पण चालू असताना कुंती सांगते की कर्ण तुमचा थोरला भाऊ होता. त्यानंतर शांतिपर्वाच्या आरंभी युधिष्ठिर म्हणतो की हा विजय मला पराजयासारखा वाटतो. आणि धृतराष्ट्र वनात गेल्यावर गांधारी व्यासांना सांगते, सोळा वर्षं झाली तरी यांच्या मनाला शांती नाही. लढाईचे दिवस अठरा, आणि दुःखाची वर्षं सोळा!

आपल्या परिवारात बेळगाव भागातल्या कित्येक घरांतले मुलगे, जावई सैन्यात आहेत. त्या घरांत फोन उशिरा वाजला तरी आईच्या पोटात गोळा येतो. आपण ज्या उत्साहाने युद्धाचे व्हिडिओ गाणी लावून पुढे पाठवतो, ते त्या आईच्याही मोबाईलवर जातात, हे लक्षात ठेवू या. सैनिकाचा अभिमान जरूर बाळगावा. युद्धाची चव मात्र घेऊ नये.

*या महिन्याचा स्वाध्याय*

१. घरातल्या सगळ्यांनी मिळून मराठी भाषांतरातून स्त्रीपर्वाचे थोडे थोडे अध्याय मोठ्याने वाचावेत. मुलांनाही बसवावं, त्यांना झेपेल तेवढं सांगावं.

२. संजयाने सांगितलेला अभिमन्यूचा मृत्यू आणि गांधारीने पाहिलेली उत्तरा, दोन्ही वाचून त्यावर बोलावं. कोणत्या वर्णनात युद्ध जास्त खरं वाटतं?

३. आपल्या नात्यात, भाऊबंदकीत एखादं जुनं वैर असेल तर गांधारी-द्रौपदीची भेट आठवावी. आपण पहिलं पाऊल टाकू शकतो का? हे उत्तर गटात लिहायचं नाही, मनात ठेवायचं.

४. रात्रीच्या प्रार्थनेत, जगात जिथे जिथे युद्ध चालू आहे तिथल्या घरांसाठी दोन मिनिटं शांत बसावं. त्यात बाजू धरू नये.

पुढच्या वेळी मुलांनी "कोण जिंकतंय?" विचारलं, तर त्यांना एवढंच सांगू या की थांब, आधी तिथल्या आया काय करताहेत ते बघू.

पुढच्या पाठात शरपंजरी पडलेल्या भीष्मांनी खचलेल्या युधिष्ठिराला राज्य करण्यासाठी पुन्हा कसं उभं केलं, ते शांतिपर्वातून पाहू.

।। शुभं भवतु ।।