आठ फुटी पाटी, पंचवीस इंची मर्यादा

यंदा वसतिगृहास भेट देऊन गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी अभ्यासिकेच्या दारावरील सागवानी पाटी पाहिलीच असेल. लांबी आठ फूट, उंची दोन फूट. वरच्या ओळीत 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' आणि खाली 'अभ्यासिका'. आमच्या कार्यशाळेतील लहानशा सीएनसी राउटरवर विद्यार्थ्यांनीच ती कोरली. एवढ्याशा यंत्रावर एवढी पाटी कशी झाली, असे अनेकांनी विचारले. म्हणून हा पाठ.

अडचणी दोन होत्या. यंत्राचे टेबल लहान, आणि आमच्याकडील सॉफ्टवेअरची आवृत्ती स्वस्तातली. २५ इंचांहून, म्हणजे ६३५ मिलिमीटरहून मोठे काम ती स्वीकारीतच नाही. पहिल्या अडचणीवर तोड होती. टेबल पुढून-मागून मोकळे असल्याने फळी सरकवता येते. बाहेर आलेली टोके त्याच उंचीच्या घोड्यांवर टेकवली की झाले. म्हणजे पाटीचे २४ इंचांचे चार टप्पे करायचे आणि प्रत्येक टप्पा स्वतंत्र काम म्हणून कोरायचा.

रोमन अक्षरे सुटी असतात. सांधा दोन अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत लपतो. देवनागरीचे तसे नाही. शिरोरेषा शब्दभर अखंड धावते, आणि सांधा नेमका तिच्यावर येतो. आमची पहिली फसगत तिथेच झाली. आम्ही टेपने मोजून, नजरेने सरळ धरून फळी सरकवली. दुपारी सारे ठीक भासले. सकाळचे तिरपे ऊन पडले तेव्हा 'आंबेडकर' या शब्दावरील रेषेत दोन मिलिमीटरची पायरी उघडी पडली. सुतारकाम करणाऱ्या एका पालकांनी रेषेवरून बोट फिरवले, ते पायरीशी थांबले, आणि ते काहीच बोलले नाहीत. त्यांचे ते मौन आम्हांस फार लागले, कारण फळ्या त्यांनीच दिल्या होत्या. पाडलेल्या जुन्या घराच्या सागवानी तुळयांतून कापून, जोडून. तसे लाकूड पुन्हा विकत मिळणारे नव्हते.

मग रीत बदलली. टेबलावर यंत्राच्या चालीला तंतोतंत समांतर अशी लाकडी पट्टी ठोकली. ही पट्टी २४ इंचांत एक मिलिमीटर जरी तिरकी असली, तरी प्रत्येक सांध्यावर तेवढीच पायरी पडते. गुण्याने काम भागत नाही, यंत्रच चालवून तपासावे लागते. त्यानंतर पाटीच्या कडेच्या, शेवटी कापून टाकायच्या भागात यंत्रानेच बरोबर २४ इंचांवर दोन भोके पाडली, ती खालच्या तक्त्यातही उतरवली. फळी सरकवली की दुसरे भोक पहिल्याच्या जागी येते. त्यात ८ मिलिमीटरची खुंटी बसवायची. दिशा पट्टीने ठरते, अंतर खुंटीने. टेप खिशात राहते.

संपूर्ण लेख आम्ही इंकस्केप या मोफत चित्रप्रणालीत आखला, अक्षरांच्या बाह्यरेषा केल्या आणि मग तुकडे पाडले. येथे एक बारकावा आहे. इंग्रजी व्ही आकाराच्या बिटाने कोरताना रेषा जिथे तोडावी, तिथे सॉफ्टवेअर ती संपली असे समजून बिट हळूहळू वर उचलते व टोक उथळ करते. आमची शिरोरेषा २० मिलिमीटर रुंद. ९० अंशांच्या बिटाने तिची खोली रुंदीच्या निम्मी, म्हणजे १० मिलिमीटर, आणि टोकाचा उतारही तेवढाच लांब. म्हणून प्रत्येक तुकडा दोन्ही बाजूंस अर्धा अर्धा इंच वाढवला. २४ अधिक १, बरोबर २५. एका तुकड्याचा उथळ भाग शेजारच्या तुकड्याच्या पूर्ण खोलीत विरून जातो. ज्या मर्यादेचा आम्ही इतका राग केला, तिच्यात नेमकी हवी तेवढीच जागा होती!

खोलीचा शून्यबिंदू दर वेळी फळीच्या पृष्ठभागावरून न घेता टेबलावरून घ्यावा, आणि फळी आधी रंध्याने सपाट करावी. ९० अंशांच्या बिटात अर्धा मिलिमीटर खोली चुकली की रेषेची रुंदी एक मिलिमीटरने बदलते, आणि ते डोळ्यांस लगेच खुपते.

काम चालू असतानाच मुलांची सहल नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांकडे गेली होती. तिसऱ्या लेण्यात, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातील, गौतमी बलश्रीच्या दानाचा ब्राह्मी शिलालेख आहे. ब्राह्मीत अखंड शिरोरेषा नाही, हे मुलांच्या लगेच ध्यानी आले. "सर, यांना आपला त्रास नव्हता," असे एकजण म्हणाला. दुसऱ्याने उत्तर दिले, "पण खडक उलटा करता येत नाही."

आम्ही मात्र फळी उलटी केली होती. दारावर आज दिसते ती तिची दुसरी बाजू. पहिला प्रयत्न, दोन मिलिमीटरच्या पायरीसह, भिंतीकडे तोंड करून तसाच आहे. पाटी तेलपाण्यासाठी उतरवली जाते, तेव्हा नव्या तुकडीच्या मुलांना आम्ही त्यावरून बोट फिरवायला सांगतो.