तळ्याचा गाळ काय सांगतो ?

तळ्याचें पाणी ओंजळींत घेऊन तें निर्मळ आहे कीं नाहीं हें आपण पाहतों. पण पाणी वाटसरू आहे, एका पावसानें तें बदलतें. गाळ मात्र थरावर थर सांचत राहतो. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना.

याचें उत्कृष्ट उदाहरण आपल्या वाशीम जिल्ह्याच्या पश्चिम सीमेपलीकडे, बुलढाणा जिल्ह्यांत आहे. लोणारचें खारें सरोवर उल्कापातानें काळ्या खडकांत पडलेल्या विवरांत आहे. शास्त्रज्ञांनीं त्याच्या तळांत नळी खुपसून सुमारें १० मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढला. त्यांत सुमारें ११,००० वर्षांचा वृत्तांत मिळाला. ज्या थरांत गेलुसाइट नांवाचे स्फटिक सांपडले, त्या काळीं पाऊस उणावून सरोवर आटलें व फार खारट झालें, असें त्यांनीं ठरविलें.

आतां तळ्याची प्रकृति गाळावरून कशी ओळखावी ? गाळास कुजक्या अंड्यासारखी घाण येत असेल, तर तेथील प्राणवायु संपला आहे. अशा जागीं बहुतेक जीव मरतात. कांहीं तांबड्या अळ्या तेवढ्या तग धरतात, कारण आपल्या रक्तांत असतें तसेंच प्राणवायु धरून ठेवणारें तांबडें द्रव्य त्यांच्या अंगांत असतें. चाळणींत गाळ धुतल्यावर नुसत्या या अळ्याच उरल्या, आणि शंख-शिंपले व चतुराचीं पिल्लें दिसेनाशीं झालीं, तर तळें आजारी समजावें. प्राणवायु संपला कीं गाळांत अडकलेलें स्फुरद पुन्हां पाण्यांत उतरतें व शेवाळ माजतें. म्हणूनच सांडपाणी बंद केलें तरी तळें लगेच सुधारत नाहीं.

येथें वऱ्हाडांतील माणसानें एक सावधगिरी बाळगावी. काळा गाळ तो रोगट गाळ, असें सर्रास मानतात. पण आपली माती जात्याच काळी! आपल्या खडकांत तांबेंही मूळचेंच पुष्कळ असतें. तेव्हां परमुलखाचे आंकडे घेऊन पद्मतीर्थास किंवा एकबुर्जीच्या जलाशयास दोष देणें हा न्याय नव्हे. त्याच तळ्याचा खोल, जुना थर घ्यावा व वरच्या थराशीं ताडून पाहावा; वरच्या थरांत जें अधिक भरेल, त्याचाच जाब माणसास विचारावा. पैनगंगेसारख्या नदींत हें काम अधिक अवघड, कारण पूर थर उलथून टाकतो. तेथें वाळू घेऊं नये. विषारी धातु बारीक चिकणगाळास चिकटतात, म्हणून संथ डोहांतील गाळ घ्यावा.

पालकांसही यांत लक्ष घालण्याजोगें आहे. महाराष्ट्र शासनानें २०१७ सालीं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली, आणि तळ्यांचा गाळ गाड्या भरभरून शेतांत पडूं लागला. रानांतील तळ्याचा गाळ पिकास हितकरच. परंतु ज्या तळ्यांत गांवचीं गटारें मिळतात, त्याचा गाळ प्रयोगशाळेंत तपासल्यावांचून ज्वारी-तुरीच्या शेतांत पसरूं नये. शिवाय खोदकामानें थर एकदां मोडले कीं मागचा वृत्तांत कायमचा गेला; यास्तव खोदण्यापूर्वीं निदान एक नळीभर गाळ, वर-खालची खूण करून, शाळेंत आणून ठेवावा.