नजर कमजोर झाली तरी हिशेब आपल्याच हाती

व्यापारी बंधूंनो, पन्नाशी उलटली की कापड हाताने ओळखता येते, पण संगणकावरचा बारीक आकडा दगा देतो. आम्ही एका बिलात 38 मीटर ऐवजी 33 वाचले आणि पाच मीटरचे पैसे गमावले. मुलगा म्हणाला, "अब्बा, हिशेब आता माझ्याकडे द्या." आम्ही आधी इलाज शोधला. तो विंडोजमध्येच निघाला. खर्च काहीच नाही.

1. विंडोजचे बटण दाबून धरा आणि अधिकचे चिन्ह दाबा. भिंग सुरू होऊन अक्षरे मोठी दिसतात. वजाच्या चिन्हाने ती लहान होतात. विंडोज आणि एस्केप दाबले की भिंग बंद.

2. डावे आल्ट, डावे शिफ्ट व प्रिंट स्क्रीन एकत्र दाबा. संगणक विचारील, होकार द्या. अक्षरे आणि पार्श्वभूमीचे रंग ठळक वेगळे होतात. तीच बटणे पुन्हा दाबल्यास पडदा पूर्ववत होतो.

3. बोटे थरथरत असतील तर शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबून होकार द्या. मग कंट्रोल, आल्टसारखी बटणे एकत्र न दाबता एकामागून एक दाबली तरी चालतात.

डोळे मात्र डॉक्टरांना जरूर दाखवा. भिंग म्हणजे औषध नव्हे. मुलाला हिशेब आम्ही देणारच, पण नीट शिकवून. तोवर आकड्यासाठी कोणाचे मोहताज का राहावे?