रायपूरहून क्ष-किरणांचे आकाश वाचताना

कृष्णविवरांजवळून निघणारे क्ष-किरण आपल्या वातावरणातच अडतात, म्हणून ते टिपणारी दुर्बीण अवकाशात पाठवावी लागते. तिने एकदा केलेली निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्वांना खुली होतात. मी रायपूरला बसून याच खुल्या संग्रहांवर काम करतो. नव्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे :

१. मोठ्या शहरात नाही म्हणून मागे राहू नका. 'अ‍ॅस्ट्रोसॅट' हा क्ष-किरण टिपणारा भारतीय उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून उडाला आणि २०१८ मध्ये इस्रोने त्याचा डेटा सर्वांना खुला केला. बंगळुरूजवळच्या ब्यालाळू केंद्रातून तो घरबसल्या उतरवून घेता येतो. नासाचा 'हीसार्क' संग्रह तर १९९० पासून चालू आहे. आपल्या पं. रविशंकर शुक्ल विद्यापीठात खगोलभौतिकीचा विभाग आहे, पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेशी त्याचे जुने नाते आहे. आयुकाची कार्यशाळा असेल तर आझाद हिंद एक्स्प्रेस पकडा आणि जा. शेजारी बसून कोणी पहिली फाइल उघडून दाखवली, की भीती जाते.

२. फाइलमध्ये चित्र शोधू नका. तिथे एकेका फोटॉनची नोंद असते : केव्हा आला, किती ऊर्जेचा होता आणि उपकरणाला जमत असेल तर कुठून आला. ही एका अर्थाने कीर्दच आहे, ओळ न् ओळ वाचायची. अ‍ॅस्ट्रोसॅट सुमारे ६५० किलोमीटर उंचीवरून फिरताना दक्षिण अटलांटिकवर भारित कणांच्या दाट पट्ट्यात शिरतो. तेवढा वेळ मोजणीतून वगळावा लागतो. आलेखातली ती फट ताऱ्याची नव्हे, हे ज्याला कळले त्यानेच पुढे जावे.

३. सुरुवात खेकडा तेजोमेघापासून करा. त्यातला न्यूट्रॉन तारा सेकंदाला सुमारे ३० वेळा फिरतो. ती लय हाती लागली, की तुमची पद्धत बरोबर.

४. जुना डेटा शिळा होत नाही, आणि हे मला सर्वांत मोलाचे वाटते. एनजीसी ५९०७ या दीर्घिकेतला एक अतितेजस्वी क्ष-किरण स्रोत कृष्णविवर असावा, असा समज होता. युरोपच्या 'एक्सएमएम-न्यूटन' दुर्बिणीने २००३ मध्ये त्याच्याकडे पाहिले होते, पण त्या नोंदींतले स्पंदन कोणाच्या ध्यानात आले नाही. पुढे इटालियन संशोधकांनी संग्रह नव्याने चाळला आणि २०१७ मध्ये जाहीर केले, की तो न्यूट्रॉन तारा आहे. २००३ मध्ये त्याचा फेरा १.४३ सेकंदांचा होता, २०१४ मध्ये १.१३ सेकंदांचा. म्हणजे त्याच्यावर कोसळणारे द्रव्य त्याला अधिकाधिक वेगाने फिरवत होते. न्यूट्रॉन ताऱ्याला झेपेल असे मानलेल्या मर्यादेच्या शेकडो पट तेज त्याच्यात निघाले. प्रश्न नवा होता, फोटॉन तेच.

५. निरीक्षणाचा प्रस्ताव मांडणाऱ्याला डेटा बहुधा वर्षभर राखून ठेवतात. ही मुदत मला न्याय्य वाटते, कारण कष्ट त्याचे असतात. ती वाढू मात्र नये. आपल्या निबंधात संग्रहाचे ऋण न विसरता नोंदवा. जुन्या फाइली नव्या संगणकांवर वाचता याव्यात म्हणून राबणाऱ्या माणसांची नावे एरवी कुठेच छापली जात नाहीत.

६. पावसाळ्यात रायपूरचे आकाश महिनोन् महिने झाकलेले असते. तेव्हा हेच काम हाती घ्या. निरीक्षणाचा क्रमांक, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि कॅलिब्रेशनच्या फाइलींची तारीख पहिल्याच दिवशी वहीत लिहा. पुढच्या वर्षी कॅलिब्रेशन सुधारले, की तेच आकडे पुन्हा काढावे लागतात.