मुलांवरील लैंगिक अत्याचार : आधी उपचार, मग कागद

या सदरात आपण जुलाब, कावीळ, रक्तदाब, मधुमेह अशा विषयांवर वाचत आलो आहोत. आजचा विषय चारचौघांत काढला जात नाही. मुलांवर होणारा लैंगिक अत्याचार हा पोलिसांचा आणि कोर्टाचा विषय आहे, दवाखान्याचा नाही, असा समज असल्यामुळे आरोग्याच्या पानावर तो फारसा येतही नाही. प्रत्यक्षात अशा मुलाला घेऊन आईवडील पहिल्यांदा येतात ते पुष्कळदा ओळखीच्या डॉक्टरकडेच. दार लावून घेतात आणि म्हणतात, "डॉक्टर, काय ते औषध द्या, पण गोष्ट बाहेर जाऊ देऊ नका." त्यांना भीती असते पोलीस ठाण्याची, वकिलांच्या उलट्यासुलट्या प्रश्नांची, गावात नाव होण्याची आणि मुलगी असेल तर तिच्या लग्नाची. ही भीती अनाठायी आहे असे कोणी म्हणणार नाही. मात्र तिचा बराच भाग २०१२ पूर्वीच्या परिस्थितीवर आधारलेला आहे. त्यानंतर केंद्र सरकारने बरेच काही बदलले. त्यातले सामान्य कुटुंबाच्या उपयोगाचे काय, ते आज पाहू.

सरकारला जाग आली ती एका पाहणीमुळे, असे म्हणायला हरकत नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून एक अहवाल प्रसिद्ध केला. महाराष्ट्र आणि गोवा ही दोन्ही राज्ये त्यात होती. निम्म्याहून अधिक मुलांनी, म्हणजे ५३.२२ टक्के मुलांनी, कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले. त्यात मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित जास्तच निघाले. त्रास देणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मुलांच्या ओळखीचे आणि विश्वासातले होते, आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाच सांगितलेली नव्हती. पोलिसांपर्यंत पोचलेल्या बलात्काराच्या प्रकरणांत तर ओळखीच्या आरोपींचे प्रमाण शंभरात नव्वदहून अधिक असते, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षे सांगत आहेत. आपण मुलांना बजावतो ते "अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नकोस" असे. ते चुकीचे नाही, पण पुरेसे मात्र अजिबात नाही.

मूल सांगत नाही, तर कळायचे कसे? सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते. पोट दुखते म्हणून वारंवार आणतात, तपासण्यांत काही सापडत नाही. एखाद्या ठरावीक घरी किंवा शिकवणीला जायचे म्हटले की मूल रडते. झोपेत दचकते, अभ्यासात एकाएकी मागे पडते. लघवीच्या जागी आग, जखम किंवा स्राव. यांपैकी एखादी खूण दिसली म्हणजे अत्याचार झालाच, असे मुळीच समजू नये. जंत आणि परीक्षेची धास्ती हीही कारणे असतात. परंतु मनात शंका ठेवावी आणि मुलाशी शांतपणे, एकट्याने बोलावे. मूल बोलले तर "तू तिथे गेलासच का?" हा प्रश्न तोंडातून काढू नये. "सांगितलेस ते बरे केलेस, तुझी काही चूक नाही," एवढे म्हणावे. तीच तीच हकिकत घरातल्या प्रत्येकासमोर वदवून घेऊ नये.

आता कायद्याकडे वळू. पूर्वी भारतीय दंड विधानात मुलांसाठी असे वेगळे कलम जवळजवळ नव्हतेच, आणि मुलग्यावर अत्याचार झाला तर कायद्याचा हात फारच तोकडा पडे. गोव्याने मात्र २००३ मध्येच स्वतःचा बालक कायदा केला होता. देशभरासाठीचा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी, बालदिनी, लागू झाला. त्यालाच आपण पोक्सो म्हणतो. अठरा वर्षांखालील मुलगा आणि मुलगी दोघांनाही तो सारखाच लागू आहे. नको तिथे हात लावणे, अश्लील चित्रे दाखवणे, मुलाचे तसे चित्रण करणे हेही त्यात गुन्हे आहेत. २०१९ मध्ये शिक्षा आणखी कडक झाल्या. कपड्यावरून केलेला स्पर्श गुन्ह्यात बसत नाही, असा निर्णय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला रद्द केला. स्पर्शामागचा हेतू महत्त्वाचा, कातडीला कातडी लागली की नाही हे नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे.

शिक्षांची चर्चा वर्तमानपत्रांतून भरपूर होते. माझ्या मते या कायद्यातला आणि त्याच्या २०२० च्या नियमांतला खरा मोलाचा भाग दुसराच आहे, आणि तोच लोकांना ठाऊक नाही. तो असा की, मुलाला उपचार मिळण्यासाठी आधी पोलिसांत तक्रार झालेली असण्याची गरज नाही. "आधी पोलिसांचे पत्र आणा," असे कोणताही डॉक्टर किंवा रुग्णालय म्हणू शकत नाही. अशा मुलांवर प्रथमोपचार आणि उपचार मोफत करण्याचे बंधन सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांवर आहे. नाकारल्यास रुग्णालय चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २०१३ मध्ये आलेली ही तरतूद जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांतही कायम आहे आणि तीत पोक्सोखालील मुलांचा स्पष्ट उल्लेख आहे.

याला महत्त्व एवढ्यासाठी की, शरीर कागदपत्रांसाठी थांबत नाही. एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या गोळ्या बहात्तर तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. जितक्या लवकर तितके बरे. पुढे त्या अठ्ठावीस दिवस घ्यायच्या असतात. पाळी सुरू झालेल्या मुलीला गर्भधारणा टाळण्याची गोळीही शक्यतो बहात्तर तासांच्या आत द्यावी. पाच दिवसांपर्यंत तिचा काही उपयोग होतो. ब प्रकारच्या काविळीची आणि धनुर्वाताची लस झाली आहे की नाही ते पाहावे लागते. इतर गुप्तरोगांवर औषधे आहेत. अंगावरचे पुरावे सुमारे शहाण्णव तासांपर्यंत मिळू शकतात. म्हणून जमल्यास तपासणीपूर्वी मुलाला आंघोळ घालू नये आणि अंगावरचे कपडे धुऊ नयेत. ते वाळवून कागदात गुंडाळावेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नयेत. पण आंघोळ झाली, कपडे धुतले, चार दिवस गेले, म्हणून घरी बसून राहू नये. तरीही जावेच.

तपासणीची पालकांना फार धास्ती असते. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच करायची असते आणि आई किंवा मुलीच्या विश्वासातले माणूस तेथे हजर राहू शकते. बारा वर्षांवरील मुलाची स्वतःची संमती घ्यावी लागते. तपासणीला नकार दिला तरी उपचार नाकारता येत नाहीत. पूर्वी केली जाणारी दोन बोटांची तपासणी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांतच बाद ठरवली. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर असे सांगितले की, ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. तिला शास्त्रीय आधार कधीच नव्हता. आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. बहुतेक मुलांच्या तपासणीत जखम दिसतच नाही. जखम नाही म्हणून मूल खोटे बोलते, असा अर्थ कोणी काढू नये, डॉक्टरने तर नाहीच नाही.

आता त्या "बाहेर बोलू नका" या विनंतीविषयी. ती मानणे डॉक्टरच्या हातात नाही. पोक्सोच्या एकोणिसाव्या कलमानुसार, असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळते त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थाचालकाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर एक वर्षापर्यंत. स्वतः मूल मात्र यातून वगळलेले आहे, आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर नंतर कारवाई होऊ शकत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहाच्या प्रकरणात पोलिसांना न कळवल्याचा आरोप एका डॉक्टरवर होता. उच्च न्यायालयाने त्याच्यावरील गुन्हा रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि माहिती असून न कळवणे हा गंभीर गुन्हा असल्याचे सांगितले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील प्रकरण उघडकीस आले तेव्हा शाळेच्या व्यवस्थापनावरही याच कारणाने गुन्हा नोंदला गेला. एक अपवाद मात्र माहीत असावा. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी ठरवले. अशा मुलीचा गर्भपात चोवीस आठवड्यांपर्यंत कायदेशीर आहे. तेव्हा भीतीपोटी तिला भलत्याच माणसाच्या हाती देऊ नये.

पोलिसांत गेल्यावर काय होते? जबाब घरी किंवा मूल म्हणेल तेथे, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या स्त्री अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री मुलाला ठाण्यात थांबवता येत नाही. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते. समिती मुलाच्या कुटुंबाला एक साहाय्यक व्यक्ती नेमून देऊ शकते. दवाखाना, ठाणे, न्यायालय या सगळ्या फेऱ्यांत ती सोबत असते. ती नेमली गेली नसेल तर पालकांनी मागावी. न मागता मिळेलच याची खात्री मी देणार नाही, कारण कागदावरच्या तरतुदी आणि आपली ठाणी यांत अजून अंतर आहे. बदलापूरच्या पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी कित्येक तास ताटकळत ठेवले गेले, हे साऱ्या राज्याने पाहिले. ठाण्यात दाद लागली नाही तर १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा २०२३ पासून केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखाली शासनच चालवते आणि ती ११२ या क्रमांकाशी जोडलेली आहे. मुलींसाठी सखी केंद्रेही आहेत. २०१५ पासूनच्या या योजनेत औषधोपचार, समुपदेशन, वकील यांची सोय एका ठिकाणी होते.

न्यायालयात मूल आणि आरोपी समोरासमोर येणार नाहीत, वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फतच विचारले जातील, मुलाचे नाव, शाळा, छायाचित्र छापले जाणार नाही, असे कायदा सांगतो. नाव छापणाऱ्याला कैद आहे. या बाबतीत आम्हा वर्तमानपत्रांत लिहिणाऱ्यांनीही सावध राहायला हवे; "अमुक गल्लीतील अमुक व्यावसायिकाची मुलगी" असे लिहिले की नाव न छापूनही काय उरते? खटला वर्षभरात संपावा अशी अपेक्षा आहे. ती पुष्कळदा पुरी होत नाही, म्हणूनच २०१९ पासून जलदगती विशेष न्यायालयांची योजना केंद्राने आणली. पैशांच्या बाबतीत दोन गोष्टी. अन्न, कपडे, प्रवास यांसाठी तातडीची मदत समितीच्या शिफारशीनंतर आठवड्याभरात मिळायला हवी. नुकसानभरपाई विशेष न्यायालय खटला चालू असतानाही अंतरिम देऊ शकते. आरोपी सुटला किंवा सापडलाच नाही तरी ती देता येते. आपल्या राज्यात २०१३ पासून मनोधैर्य योजनाही आहे. तिची चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावी.

गावातली चार वडीलधारी माणसे बसतात, काही रक्कम ठरते, प्रकरण मिटले असे सगळे म्हणतात. हे मिटवणे कायद्याला मान्य नाही. राजस्थानातील एका शिक्षकाचे प्रकरण पालकांशी झालेल्या तडजोडीवरून उच्च न्यायालयाने रद्द केले होते. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा उभे केले. डॉक्टर म्हणून मी एवढेच जोडतो की, तडजोड मोठ्यांची होते. तो माणूस त्याच आळीत राहतो आणि मूल रोज त्याच्या दारावरून शाळेत जाते.

पहिल्या दिवसाचे उपचार झाले म्हणजे काम संपत नाही. एचआयव्हीची तपासणी सुरुवातीला, सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी करावी लागते. काविळीची लस झालेली नसेल तर तिचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात. पाळी चुकली तर ताबडतोब तपासणी. झोप, भूक, शाळा यांवर महिनोन्‌महिने लक्ष ठेवावे; मूल गप्पगप्प राहू लागले किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलू लागले तर मानसोपचार तज्ज्ञाकडे न्यावे. तोवर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. दर खेपेला सिव्हिल हॉस्पिटलला जाणे जमत नसेल तर तेथील कागद घेऊन जवळच्या डॉक्टरकडे जावे. पुढच्या बऱ्याचशा तपासण्या तेथेही होतात.