मीठ तेच, रक्तदाब वेगळा

प्रश्न : एकाच घरात, एकाच हातचे जेवण जेवणाऱ्या दोन भावांपैकी एकाचाच रक्तदाब मिठाने वाढतो, हे आनुवंशिक असू शकते काय?

उत्तर : असू शकते. मिठातील सोडियम किती राखायचे आणि लघवीवाटे किती सोडायचे, हे मूत्रपिंड ठरवते, आणि या कामातील प्रथिनांची घडण जनुकांवर अवलंबून असल्यामुळे तेवढ्याच मिठाने एकाचा रक्तदाब चढतो, तर दुसऱ्याचा जवळजवळ स्थिर राहतो. या गुणधर्माला ‘मीठ-संवेदनशीलता’ म्हणतात.

माणसातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे १९६३ साली ग्रँट लिडल यांनी वर्णिलेला, त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा विकार. त्यात मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांतील सोडियम आत घेणाऱ्या वाहिन्या, म्हणजे पेशींच्या पटलावरील जणू दारेच, एका जनुकातील बदलामुळे प्रमाणाबाहेर टिकून राहतात, सोडियम साठते आणि अनेकदा कोवळ्या वयातच रक्तदाब वाढतो. ही दारे बंद करणारे अमिलोराइड हे औषध तेथे लागू पडते. असे विकार अर्थात दुर्मीळ. सर्वसाधारण उच्च रक्तदाबात अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो, शिवाय वय, वजन व मूत्रपिंडाचे आरोग्यही त्यात मिसळते, म्हणून केवळ जनुकीय चाचणीवरून मिठाचे प्रमाण ठरवणे आज तरी अनाठायी आहे. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची शिफारस दोन्ही भावांना सारखीच लागू असून, लोणच्या-पापडांतील मीठही त्यातच मोजावे.