पाणबदकांसाठीं कोणती जमीन आधीं राखावी?

पैसा थोडा व राखण्यासारखी जमीन पुष्कळ, अशा वेळीं निवड कशी करावी हा प्रश्न हौसेचा नसून हिशोबाचा आहे. उत्तर अमेरिकेंत पाणबदकांच्या रक्षणासाठीं हा हिशोब कसा मांडतात, तें शेतकरीवर्गानें समजून घेण्यासारखें आहे. कारण तेथें राखावयाची बहुतेक जमीन शेतकऱ्यांच्याच मालकीची आहे.

उत्तर व दक्षिण डाकोटा, मिनेसोटा इत्यादि प्रांतांत हिमनद्या मागें हटतांना राहिलेलीं असंख्य लहान डबकीं आहेत. वसंतांत बदकांच्या जोड्या डबक्यांवर उतरतात. मात्र बहुतेक जातींच्या माद्या अंडीं घालतात तीं भोंवतालच्या गवतांत. डबकें बुजविलें तर जोडी येत नाहीं, व गवत नांगरलें तर घरटें टिकत नाहीं.

(१) मोजणी. सन १९८७ पासून सरकारी वन्यजीव खातें चार चौरस मैलांचे नमुन्याचे तुकडे निवडून तेथील जोड्या मोजतें. डबक्याचा आकार व प्रकार पाहून जोड्यांचें प्रमाण ठरवितात व तेंच न मोजलेल्या डबक्यांस लावतात. जसा पीककापणीच्या प्रयोगांवरून आपल्याकडे उतारा ठरवितात.

(२) नकाशा. कोणत्या जमिनीपर्यंत किती माद्या घरट्यासाठीं पोंचूं शकतील, तें रंगांनीं दाखवितात. हा नकाशा वादळाच्या रडारचित्रासारखा दिसतो, म्हणून त्यास ‘वादळी नकाशा’ असेंच नांव पडलें आहे.

(३) धोका. केवळ जोड्या मोजून भागत नाहीं. समजा, सारख्याच किंमतीच्या दोन जमिनी आहेत. पहिलीवर ६० जोड्या, पण ती नांगरली जाण्याचा संभव शेंकडा ५. दुसरीवर ३० जोड्या, संभव शेंकडा ४०. पहिली राखल्यास सरासरीनें ३ जोड्या वांचतात, दुसरी राखल्यास १२. तेव्हां पैसा आधीं दुसरीवर घालावा. किंमती भिन्न असल्यास दर रुपयामागें काय वांचतें तें पाहावें.

(४) करार. खातें मालकास एकरकमी मोबदला देतें. जमीन त्याच्याच नांवावर राहते. डबक्याच्या करारांत पाणी काढून देणें, भर घालणें व जाळणें वर्ज्य. परंतु डबकें आपोआप सुकल्यास पीक घेतां येतें. गवताच्या करारांत चराईस मोकळीक असते, कापणी मात्र १५ जुलैनंतर. हे करार कायमचे असून पुढील खरेदीदारावरही बंधनकारक असतात. म्हणून सही करण्यापूर्वीं पुढच्या पिढीचाही विचार करणें अवश्य आहे. या कामीं मोठा आधार १९३४ पासून शिकाऱ्यांस घ्याव्या लागणाऱ्या ‘बदक तिकिटा’च्या उत्पन्नाचा आहे.

आपल्याकडे ही पद्धत जशीच्या तशी लागूं पडणार नाहीं. निफाड तालुक्यांतील नांदूर मध्यमेश्वर हें पाणथळ २०२० सालीं रामसर यादींत जाहीर झालें. तेथें तलवार बदक व थापट्या हे हिवाळी पाहुणे येतात. ते येथें अंडीं घालीत नाहींत. म्हणून येथें माप जोड्यांचें नको. उथळ पाणी किती दिवस टिकतें व खाद्य किती मिळतें, हें माप हवें. माप बदललें तरी क्रम तोच: आधीं मोजावें, मग धोका पाहावा, नंतर किंमत ठरवावी. ज्याची जमीन राखावयाची, त्यास हा हिशोब आधीं दाखविला, तरच तो करार मनापासून पाळला जाईल.